दोघांचं पथ्य

वसईजवळच्या भुईगावातल्या लग्नांत निकोलस मच्याडो पंगतीला बसला की वाढपी त्याच्या समोरून लवकर हलत नसत. मैद्याचं पीठ आंबवून तळलेले गरगरीत फुगे तो इंद्यालच्या, म्हणजे डुकराच्या मटणाच्या, तिखटजाळ रश्श्यात बुडवायचा आणि गप्पा मारता मारता एकामागून एक फस्त करायचा. किती झाले, हे त्याला कधी आठवत नसे. "निकला, पोटात कोठार बांधलंस काय रे?" असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "कोठार बापाचं आहे, मी नुसता भरतो." उंचापुरा, अंगाने भरलेला गडी. चर्चच्या गायनात मागच्या ओळीत उभा राहिला तरी त्याचाच आवाज आधी कानावर यायचा. सातिवलीला प्लास्टिकची बुचं आणि डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. सकाळी स्कूटरला किक मारून जायचा, संध्याकाळी परतला की हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा.

पातेली इनेझची. इनेझ त्याची बायको, आगाशीकडची, केळीच्या वाडीत लहानाची मोठी झालेली. माहेराहून ती सुकेळी करायची विद्या घेऊन आली होती. पाऊस सरून ऊन तापायला लागलं की ती मागच्या दारी मांडव घालायची. पिकलेली राजेळी केळी सोलून त्यावर मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभराने केळी सोनेरी, चिवट, मधासारखी गोड होऊन यायची. थोडी विकायची, थोडी पाहुण्यांना द्यायची, आणि बरीचशी काम करता करता स्वतःच्याच तोंडात टाकायची. खरं सांगायचं तर गोडाचं वेड निकोलसपेक्षा तिलाच जास्त. तो चारचौघांत खायचा, म्हणून नाव त्याचं झालं.

चौऱ्याण्णव साली निकोलसच्या पायाला वाडीत काटा लागला. काटा निघाला, पण जखम भरेना. हळद झाली, मलम झालं, शेवटी इनेझने त्याला ओढतच वसईला डॉक्टर वसुंधरा चुरींकडे नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं आणि कागद हातात आल्यावर विचारलं, "वडील कशाने गेले तुमचे?"

"पाय कापला होता त्यांचा. त्यानंतर फार जगले नाहीत."

"का कापला?"

इनेझच म्हणाली, "साखर होती त्यांना."

"मग ह्यांनाही आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या मी देईन. पण गोळ्यांनी अर्धंच काम होतं. बाकीचं तुमच्या स्वयंपाकघरात."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इनेझकडे बघून म्हटलं होतं आणि इनेझने ते अक्षरशः घेतलं. घरी आल्यावर साखरेचा डबा शेजारच्या ग्रेसीला देऊन टाकला. तांदळाचं पिंप मागच्या खोलीत गेलं. चुलीवर नाचणीची भाकरी आली, कारली आली, मेथी, दुधी, पडवळ आलं. माशाचं कालवण राहिलं, पण त्यातला नारळ आटला. आणि त्या वर्षी मागच्या दारी मांडव पडला नाही.

"तू कर की सुकेळी," निकोलस म्हणाला. "मी हात नाही लावणार."

"तू नाही लावणार?" इनेझ हसली. "अंगणात वाळत घातली तर वासानेच वेडा होशील. राहू दे. नाही खाल्ली म्हणून मी मरत नाही."

जेवायला बसताना तिच्याही ताटात भाकरी न् कारलं बघून निकोलसला कसंतरी झालं. "तुला कशाला हे? तुझ्यापुरता भात लाव ना."

"दोन चुली मांडायला वेळ कुठंय मला. आणि तुझ्यासमोर बसून मी भात ओरपला तर तुझ्या घशाखाली ही भाकरी उतरेल का? तू खाशील तेच मी खाईन. बस झालं."

त्या बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता. उद्या वाडीला पाणी सोडायचं आहे, तसं तिने ते सांगितलं. त्यामुळे निकोलसनेही ते तितक्याच सहज घेतलं. त्याला आवडणारी बाई त्याच्याबरोबर कारलं खात होती. त्यात वेगळं काही आहे असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

आणि खरोखर, पहिली काही वर्षं फार चांगली गेली. जखम भरली. पहाटे दोघं सुरूच्या बनातून समुद्रापर्यंत चालत जायची, ओल्या वाळूवरून फिरून परतायची. निकोलसचं पोट उतरलं, जुन्या पँटी ढिल्या झाल्या. डॉक्टर चुरी दुसऱ्या पेशंटना त्याचं उदाहरण द्यायला लागल्या. मुलगी ॲंजेला तेव्हा कॉलेजात होती. ती आईला चिडवायची, "मम्मी, डॅडीला हिरो बनवलंस तू." लग्नात पंगतीला बसलं तरी इनेझ पर्समधून डबा काढायची, त्यात दोघांच्या भाकऱ्या असायच्या. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली, मग कौतुक वाटायला लागलं.

घसरण सुरू झाली ती अगदी साध्या कारणाने. कारखान्याला मोठी ऑर्डर मिळाली होती आणि ती वेळेत गेली. मालकाने खूश होऊन समोरच्या दुकानातून गरम जिलेबी मागवली. मशीनवर काम करणारा काशीराम पुडा घेऊन आधी निकोलसकडेच आला. "साहेब, तुमच्या हातानं पहिली उचला." आसपास सगळे उभे. एक उचलली नाही तर अपशकुन केल्यासारखं दिसेल, असं निकोलसला वाटलं. त्याने एक खाल्ली. पाक हनुवटीवर आला, तो त्याने रुमालाने पुसला. मग आणखी एक खाल्ली.

घरी जाताना त्याला वाटत होतं, काहीतरी होईल, चक्कर येईल, इनेझला चेहऱ्यावरून कळेल. काहीच झालं नाही. रात्री त्याने भाकरी खाल्ली, झोपला, सकाळी समुद्रावर फिरून आला. आणि काही झालं नाही, हेच वाईट झालं.

पुढच्या आठवड्यात तो चारच्या चहाला स्वतःच समोरच्या दुकानात गेला. मग ते अधूनमधून व्हायला लागलं, मग रोजचंच होऊन बसलं. चहा साखरेचा, कधी जिलेबी, कधी वडापाव, कधी दोन्ही. काशीराम सोबत असायचा. तो भाताणेकडचा भोळा माणूस, साहेबाला साखर आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. घरी आल्यावर निकोलस इनेझच्या समोर बसून कारल्याची भाजी खायचा, वर "आज कडू कमी लागलं" असंही म्हणायचा. रक्त तपासायची तारीख जवळ आली की दोन-तीन दिवस समोरचं दुकान बंद. उपाशीपोटी रक्त घेतलं की आकडा बऱ्यापैकी यायचा. आधीच्या महिन्यांत काय खाल्लं ते उघड करणारी तपासणी तेव्हा आपल्याकडे फारशी कुणी करत नव्हतं.

ह्याच काळात चर्चच्या पॅरिशने मधुमेहाचं शिबिर भरवलं. डॉक्टर चुरींनी भाषण केलं आणि मग फादरनी निकोलसला पुढे बोलावलं. त्याचा आवाज मुळातच भारदस्त. तो जिभेच्या लगामाबद्दल बोलला, मोह कसा येतो आणि मन घट्ट केलं की कसा जातो ते बोलला. "माणसाने ठरवलं पाहिजे," तो म्हणाला. "मी ठरवलं." बायांच्या रांगेत पुढेच बसलेली इनेझ टाळ्या वाजवत होती. एवढ्या सगळ्या भाषणात तिचं नाव त्याने घेतलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याला ते सुचलंच नाही. घरी परतताना ती म्हणाली, "छान बोललास हं. ग्रेसीच्या नवऱ्याचे तर डोळे भरून आले."

हळूहळू आकडे चढायला लागले. दोन-तीन दिवसांच्या उपासाला ते दाद देईनात. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि इनेझला विचारलं, "जेवणात काही बदललं का?"

"काहीच नाही," इनेझ म्हणाली, आणि घरी येऊन विचारात पडली. चूक आपल्याच हातून होतेय, असं तिने धरलं. मग रविवारचा वाटीभर भात गेला. आंबा तर आधीच गेला होता, आता चिकू, पेरूही बंद झाले. दोन भाकऱ्यांची दीड झाली, मग एक झाली. कालवणातला उरलासुरला नारळ गेला. हे सगळं तिने दोन्ही ताटांत केलं, नेहमीसारखं. निकोलस मान खाली घालून जेवायचा. त्याचं अर्धं पोट सातिवलीला भरलेलंच असायचं.

ॲंजेलाचं लग्न दोन हजार साली झालं. मुलीच्या लग्नात तरी आई गोड खाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. इनेझ मांडवात फिरून सगळ्यांना आग्रह करत होती, पण स्वतःच्या ताटात तिने थोडं मटण आणि काकडी घेतली. निकोलस शेजारी बसला होता ना. बायका म्हणाल्या, "इनेझ, कसली सडसडीत झालीस गं. नवरीची बहीण शोभतेस." इनेझला मनातून बरं वाटलं. ॲंजेला सासरी तुळिंजला गेली, तिथून अंधेरीला नोकरीला जायची, आणि घरात ही दोघंच उरली.

त्यानंतरच्या वर्षात इनेझ आणखी उतरली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दोन घास खाल्ले की ती ताट बाजूला सारायची. "पोट भरलं," म्हणायची. "कमी खायची सवयच लागली बघ मला. आता जास्त जातच नाही." कधी छातीखाली दुखायचं, त्याला ती पित्त म्हणायची आणि जिरं चावायची.

डॉक्टर चुरींच्या दवाखान्यातली एक दुपार निकोलसच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. त्याच्या तपासणीसाठी दोघं गेली होती. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, नोंद केली आणि इनेझकडे बघून त्या थांबल्या. "तुम्ही बऱ्याच बारीक झालात हो."

"ह्याच्याबरोबर जेवते ना, डॉक्टर. ह्याला एक भाकरी तर मला एक भाकरी."

"दोघं अगदी एकच जेवता?"

"दाणा न् दाणा."

"मग मजा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ह्यांचं वजन वाढतंय."

बोलायची वेळ होती ती हीच. डॉक्टर, मी बाहेर खातो, एवढे चार शब्द. ते बोलला असता तर एका भाकरीचं पथ्य तिथल्या तिथे मोडलं असतं, इनेझ पोटभर जेवायला लागली असती, आणि तरीही वाळतेय म्हटल्यावर कुणीतरी तिच्या पोटावर हात ठेवून बघितलं असतं. निकोलस हसला. म्हणाला, "आमच्या घराण्याची हाडंच जड, डॉक्टर." इनेझही हसली. डॉक्टरांनी तिला "तुम्ही थोडा भात घेत जा" असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. इनेझने भात घेतला नाही. निकोलसने तिला आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मुळात भात का बंद झाला, ह्यावर बोलणं आलं असतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर तिला काळी उलटी झाली. ॲंजेलाने रजा टाकून आईला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जठराचा कॅन्सर होता आणि तो पुढे सरकला होता. तिथल्या डॉक्टरने विचारलं, "एवढं वजन उतरलं तेव्हा काही वाटलं नाही का तुम्हाला?" ॲंजेला म्हणाली, "आम्हाला वाटलं, डाएटमुळे." निकोलस खिडकीतून खाली बघत उभा होता. खाली गाड्या लावलेल्या होत्या. त्याने मान वळवली नाही.

ऑपरेशनात फारसं काही करता आलं नाही. इनेझला घरी आणलं. "जे आवडेल ते खाऊ द्या आता," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग निकोलसने काय काय आणलं. आगाशीहून सुकेळी आणली, ग्रेसीकडून नारळाच्या दुधातली खीर करून आणली, वसईच्या बाजारातून हापूस शोधून आणला. मोसमाच्या सुरुवातीचा तो आंबा, चव यायची होती अजून. इनेझ बोट लावून चाटायची आणि मान हलवायची. सुकेळ्याचा एक तुकडा तिने तोंडात धरला, बराच वेळ धरला, आणि मग हातावर काढून ठेवला. गिळता येत नव्हतं.

एका दुपारी काशीराम भेटायला आला. ॲंजेला तिथेच आईच्या पायाशी बसली होती. काशीरामने पिशवीतून वाडीची मेथी काढली आणि खुर्चीवर अवघडून बसला. काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. "वयनी, तुमी बऱ्या व्हा लवकर," तो म्हणाला. "साहेब एकदम गप झालेत. आता जिलबी खायला पन येत नायत. चार वर्सं रोजचा आमचा नेम होता, त्यो पन मोडला."

ॲंजेलाने मान वर करून बापाकडे बघितलं. काशीरामला वाटलं, आपण बरं बोललो. तो चहा पिऊन गेला.

तो फाटकाबाहेर पडल्यावर इनेझने विचारलं, "रोज?"

"हं," निकोलस म्हणाला.

"शिबिर झालं तेव्हापण?"

"हं."

इनेझने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तिने त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. जे काय चमचाभर पोटात जायचं ते ॲंजेलाच्या हातून. ॲंजेलाही त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. निकोलस दारात यायचा, उभा राहायचा, परत जायचा. तिसऱ्या दिवशी इनेझने आपण होऊन त्याला जवळ बसायला सांगितलं.

"तू खाल्लंस ह्याचा मला एवढा राग नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, त्याला वाकून ऐकावं लागत होतं. "भूक कुणाला चुकली आहे. पण तू तिथे उभा राहून बोललास, आणि मी टाळ्या वाजवल्या. पहिल्या मीच वाजवल्या. ते सारखं डोळ्यांपुढे येतं."

"चुकलो" हा शब्द निकोलसला एवढा तोकडा वाटला की तो त्याने म्हटलाच नाही. तिने त्याला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मात्र तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिने डोळे उघडून विचारलं, "काय खाल्लंस?" हा तिचा जन्माचा प्रश्न. इतकी वर्षं तो त्याला खोटं उत्तर देत आला होता.

"पाव आणि चहा. साखरेचा," निकोलस म्हणाला.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि किंचित हसल्यासारखी झाली. ती ईस्टरच्या आधी गेली.

कुणालाही वाटेल, इथून पुढे निकोलस सुधारला असेल. तसं झालं नाही. बाई गेलेल्या घरी शेजारपाजारचे डबे येतात, त्यात भात असतो, गोड असतं, आणि नको म्हणायला घरात कुणी नसतं. तो सगळं खायचा. आता लपवायचंही कारण नव्हतं. कधी कधी चवही लागायची नाही, तरी खायचा. पातेलं रिकामं होईपर्यंत खायचा आणि मग तसाच बसून राहायचा. आपल्याला काही व्हायचं तर होऊ दे, नव्हे, झालंच पाहिजे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. गोळ्या कपाटात पडून राहिल्या. फिरायला जाणं सुटलं. गायनाच्या ओळीतही तो उभा राहीना.

वर्ष उलटून गेल्यावर एके सकाळी तो वाडीत पाणी सोडता सोडता खाली कोसळला. ग्रेसीने बघितलं म्हणून बरं. शुद्धीवर आला तेव्हा हाताला सलाईन होतं आणि उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली होती. ती काढावी लागली. डॉक्टर चुरी बघायला आल्या. रागावतील असं त्याला वाटलं होतं, पण त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. आणि स्वयंपाक तुम्हालाच करावा लागेल. जमेल का?"

"नाही जमलं तर?"

"तर ॲंजेला करेल. नोकरी सोडून येईल ती, तिने मला विचारलंय तसं."

हे निकोलसला ठाऊक नव्हतं. मुलगी त्याच्याशी धड बोलत नव्हती, आणि तीच मुलगी नोकरी सोडून येणार होती. त्याने पायाच्या बँडेजकडे बघितलं. मग म्हणाला, "तिला सांगा, येऊ नकोस. मी करीन."

भाकरी शिकायला तो ग्रेसीकडे गेला. साठीला आलेला हा गडी तिच्या ओट्याशी उभा राहून नाचणीचं पीठ मळायचा, थापायला घेतलं की भाकरीच्या चिरफाळ्या व्हायच्या. ग्रेसी म्हणाली, "पाणी उकळतं घे, निकला. इनेझ उकळतंच घ्यायची." कित्येक दिवस त्याने तुटक्या भाकऱ्याच खाल्ल्या. एकट्याने कारलं चिरताना, एकट्याने ते गिळताना त्याला पहिल्यांदा कळलं, की रोज हे समोर घेऊन बसणं म्हणजे काय असतं. त्याला निदान आजार होता. तिला नव्हता. तिने हे एवढी वर्षं कशी खाल्ली असेल, आणि वर हसतमुखाने, ह्याचा विचार आला की घास फिरायचा. तरी तो खायचा. मधेच एकदा पथ्य मोडलं; नाताळात करंज्यांचं ताट समोर आलं आणि त्याने सात-आठ संपवल्या. दुसऱ्या सकाळी त्याने ॲंजेलाला फोन केला आणि सरळ सांगितलं, "काल मी करंज्या खाल्ल्या. साखर चढलीय. आज परत भाकरीवर आलोय." पलीकडून ती नुसतं "बरं," म्हणाली. पण त्यानंतर ती रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर घरी यायला लागली.

अशाच एका रविवारी तिने ताटं घेतली आणि दोन्हीत भाकरी वाढली. "मी पण तुझंच खाते, डॅडी. मला काय फरक पडतो."

निकोलसने तिचं ताट आपल्याकडे ओढलं. "नाही. तुझ्यासाठी भात लावलाय. बोंबलाचं कालवण आहे, नारळाचं. ते खायचं."

"अरे, पण तुझ्यासमोर..."

"माझ्यासमोरच खा. पोटभर खा. माझं पथ्य माझ्या एकट्याचं आहे, ते दुसऱ्या कुणी करायचं नाही ह्या घरात."

त्याचा आवाज चढला होता. ॲंजेलाने उठून भात वाढून घेतला. जेवताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते डाव्या हाताने पुसत होती, पण तिने भात टाकला नाही. दुसऱ्यांदा वाढूनही घेतला.

दोन हजार सहाच्या सुमाराला निकोलसचे आकडे जागेवर आले आणि तिथेच राहिले. आता मागच्या तीन महिन्यांचं सांगणारी तपासणीही करता यायची, तिच्यातही काही निघालं नाही. डॉक्टर चुरींनी कागद बघून चष्मा काढला. "छान आहे. खरंच छान आहे. असंच चालू द्या."

निकोलस उठला नाही. "एक विचारू, डॉक्टर?"

"विचारा ना."

"तेव्हा मी खरं सांगितलं असतं, बाहेर खातो म्हणून, तर तिचं आधी कळलं असतं का?"

डॉक्टरांना कुठली दुपार ते सांगावं लागलं नाही. त्या टेबलावरचं पेन सरळ करत राहिल्या. "मीही तेव्हा नीट विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कदाचित थोडं आधी कळलं असतं. आधी कळून ती वाचली असती का, हे मला नाही सांगता येणार. कुणालाच नाही सांगता येणार, निकोलस."

त्याला हो तरी हवं होतं, नाहीतर नाही तरी. हो मिळालं असतं तर शिक्षा ठरली असती, नाही मिळालं असतं तर थोडी झोप लागली असती. दोन्ही मिळालं नाही. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि लंगडत बाहेर आला. बाहेर उन्हं कलली होती. इंजेक्शनची वेळ होत आली होती आणि त्यानंतर लगेच जेवावं लागायचं, म्हणून रेंगाळण्यात अर्थ नव्हता. घरी पीठ मळायचं होतं. समोर भुईगावची एसटी उभी होती, तो तिच्यात चढला.